जुन्या पोस्टरातून नव्या पोस्टराकडे

चित्रपटाचे पोस्टर चालत्या माणसासाठी असते. त्याच्यासमोर कोणी मुद्दाम येऊन उभे राहत नाही. कामावर निघालेला, बस पकडायला धावणारा माणूस जाता जाता भिंतीकडे एकदा बघतो, आणि तेवढ्या नजरेत चित्रपट कोणत्या जातीचा आहे, त्यात कोण आहे आणि तो आपल्यासाठी आहे की नाही, हे त्याला कळावे लागते. गोष्ट सांगायला पोस्टरात जागा नसते. अडीच-तीन तासांच्या कथेतून एक क्षण, एक चेहरा किंवा एक वस्तू उचलायची आणि बाकीचे सगळे सोडून द्यायचे, हेच पोस्टरकाराचे काम. त्यामुळे चांगले पोस्टर म्हणजे मुख्यतः निर्णयांची मालिका असते: काय घेतले, काय टाकले, किती जवळून पाहिले, नाव कुठे ठेवले. जुन्या पोस्टराचा अभ्यास म्हणजे हे निर्णय शोधून काढणे.

व्यवहारात मात्र जुने पोस्टर समोर ठेवून नवे करायला घेतले की हात आधी त्याच्या कातडीकडे जातो. ब्रशचे जाड फटकारे, भडक शेंदरी आकाश, तिरकी आणि सावली टाकणारी अक्षरे, कागदाच्या घड्यांचे पांढरे पडलेले ठसे हे सारे आज संगणकावर काही मिनिटांत उतरवता येते. अशी पोस्टरे जुनी दिसतात, पण जुन्या पोस्टरांसारखे काम करत नाहीत. फटकारे त्या काळी शैली म्हणून आले नव्हते. वेळ थोडा होता, छपाईत बारीक छटा टिकत नव्हत्या आणि चित्र दुरून दिसायचे होते, म्हणून ते तसे मारले गेले. ज्या अडचणीतून ते जन्मले ती अडचण आज उरलेली नाही. निर्णय मात्र आजही उपयोगी पडतात, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर तेव्हापेक्षा आता अधिकच घाईत आहे.

हा अभ्यास करायला बडोद्याइतकी योग्य शहरे थोडी आहेत. भारतीय चित्रपटाच्या दृश्यभाषेचे दोन मोठे धागे या शहरातून गेले. पहिला राजा रविवर्म्याचा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1888 साली त्यांच्याकडून रामायण-महाभारतावरील चौदा चित्रांची मालिका करवून घेतली. शंतनू आणि मत्स्यगंधा, नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका, सीतेचा भूमिप्रवेश, कंसमाया या विषयांवरील ही चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी होती. राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आजही पाहता येतो. पोस्टर शिकणाऱ्याने तो केवळ आदराने पाहून पुढे जाऊ नये. रविवर्मा पुराणातला प्रसंग रंगभूमीवरच्या एका थांबलेल्या क्षणासारखा मांडतो. प्रत्येक पात्राला त्या क्षणी काही तरी हवे असते आणि ते शरीराच्या वळणातून दिसते. गोष्ट आधीच ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला पुढे काय होणार हे माहीत असते, आणि चित्र त्या ‘पुढे’च्या अगदी अलीकडे थांबते. भारतीय पोस्टरकारांनी पुढची अनेक दशके हीच युक्ती वापरली.

रविवर्म्याने 1894 साली मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या रंगीत चित्रांनी राजवाड्यातल्या प्रतिमा घरोघरच्या भिंतींवर नेल्या. या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. चित्रकाराला आपल्या शेकडो छटा मोजक्या दगडांत बसवाव्या लागत आणि कोणती छटा गेली तरी चालेल हे ठरवावे लागे. रंगसंगतीचा याहून चांगला शिक्षक मिळणे कठीण. पडद्यावर कोट्यवधी रंग हाताशी असलेल्या आजच्या विद्यार्थ्याने एखादे काम मुद्दाम चार रंगांत करून पाहिले, तर आपल्याला नक्की काय सांगायचे आहे हे त्याला लवकर उमगते.

दुसरा धागा कलाभवनाचा. सयाजीरावांनी 1890 मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. कला, कारागिरी आणि उद्योग एका छताखाली शिकवावेत ही त्यामागची दृष्टी होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आलेले धुंडिराज गोविंद फाळके इथे शिकले. चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम आणि ठसे तयार करण्याच्या प्रक्रिया त्यांनी इथल्या वास्तव्यात आत्मसात केल्या. गज्जरांनी त्यांना संस्थेचा छायाचित्रण विभाग वापरायला दिला, त्रिरंगी ठशांचे तंत्र शिकायला रतलामला पाठवले. नंतर फाळक्यांनी रविवर्मा छापखान्यासाठीही काम केले. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट लोकांपुढे आला, तेव्हा त्याच्या निर्मात्याला कॅमेऱ्याइतकीच शाई आणि ठसे यांची ओळख होती. भारतीय चित्रपट आणि भारतीय छपाई हे एकाच घरात वाढलेले आहेत, हे फाळक्यांच्या या शिक्षणावरून स्पष्ट दिसते, आणि पोस्टराच्या कोणत्याही इतिहासाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

फाळक्यांची जाहिरात मुख्यतः शब्दांची होती. चित्रमय पोस्टराला खरे वळण दिले ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. बाबूराव कृष्णराव मिस्त्री हे नाटकाचे पडदे रंगवणारे, आणि त्यामुळेच दुरून पाहणाऱ्या प्रेक्षकाचे गणित त्यांना पक्के ठाऊक होते. शेवटच्या रांगेतल्या माणसाला राजवाड्याचा खांब खांब वाटला पाहिजे, एवढ्याच तपशिलात तो रंगवायचा, हे पडद्याचे तंत्र त्यांनी पोस्टरात आणले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘कल्याण खजिना’ (1924) या मूकपटाचे पोस्टर आज हाती असलेल्या भारतीय चित्रमय पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते. त्यांच्या हाताखालून गेलेले दामले, फत्तेलाल आणि शांताराम पुढे प्रभात फिल्म कंपनीत आले. प्रभातच्या जाहिरातीतली नेटकी मांडणी आणि अक्षरांची शिस्त या तालमीतून आलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत पोस्टरांचे स्वतंत्र स्टुडिओ उभे राहिले. निर्मात्याकडून स्थिरचित्रांचा गठ्ठा येई, कथेचा सारांश तोंडी सांगितला जाई आणि चित्रपट पूर्ण होण्याआधीच पोस्टर रंगवावे लागे. कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी ‘मुघल-ए-आझम’च्या (1960) जाहिरातीसाठी काम केले. महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्रही त्यांचेच. दिवाकर करकरे यांनी ‘दीवार’सारख्या (1975) चित्रपटांसाठी पॅलेट नाइफने चेहरे घडवले आणि मारधाडीच्या चित्रपटांचा एक काळच त्या खरबरीत रंगाशी जोडला गेला. मकबूल फिदा हुसेन यांना तरुणपणी बडोद्याच्या मदरशात सुलेखनाची गोडी लागली, आणि मुंबईत आल्यावर त्यांनी पोटासाठी सिनेमाची होर्डिंगे रंगवली. पुढच्या त्यांच्या चित्रांतली ठाम, न थांबणारी रेषा पाहताना शिडीवर उभे राहून मोठी आकृती एका दमात पुरी करण्याची ती सवय आठवल्याशिवाय राहत नाही.

सविस्तर वाचनासाठी एकच पोस्टर घ्यायचे, तर ‘मदर इंडिया’चे घ्यावे. दिग्दर्शक मेहबूब खान हे तेव्हाच्या बडोदे संस्थानातल्या बिलिमोऱ्याचे. चित्रपट 25 ऑक्टोबर 1957 रोजी प्रदर्शित झाला. त्याची वेगवेगळी पोस्टरे निघाली, तरी लोकांच्या मनात एकच प्रतिमा राहिली आहे: खांद्यावर नांगराचे जड लाकूड घेतलेली, चेहरा वेदनेने ताणलेली नर्गिस.

पहिला निर्णय क्षणाचा आहे. कथेचा कळस म्हणजे आई आपल्याच मुलावर गोळी झाडते तो प्रसंग. तो पोस्टरवर घेतला असता तर चित्रपटाचे रहस्य फुटले असते, आणि त्याहून वाईट म्हणजे चित्रपट सूडाचा वाटला असता. लग्न, पूर, सावकाराशी संघर्ष हे सारे प्रसंगही चित्रमय होते. निवडला गेला तो मधला, कष्टाचा क्षण. तो कथेतले काहीच उघड करत नाही, पण कथेच्या सुरुवातीला, मध्याला आणि शेवटालाही खरा असतो. पोस्टरचा क्षण कसा निवडावा याचे याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे.

दुसरा निर्णय गाळण्याचा, आणि पोस्टरची सारी ताकद त्यात आहे. चित्रात बैल नाही. ज्याने नांगरट पाहिली आहे त्या प्रेक्षकाला, म्हणजे 1957 मधल्या बहुसंख्य भारतीयांना, हे सांगावे लागत नव्हते. नांगर आहे, बाई आहे आणि बैलाच्या जागी बाई आहे. दारिद्र्य, कर्ज, नवऱ्याचे घर सोडून जाणे, यांतले काहीही न रंगवता ते सगळे त्या रिकाम्या जागेतून कळते. सुनील दत्त, राजेंद्रकुमार, राजकुमार हे चित्रपटात असूनही या प्रतिमेत त्यांचे चेहरे नाहीत. वितरक चेहऱ्यांची गर्दी मागतात, हे लक्षात घेतले की या मोकळेपणामागचे धैर्य कळते.

अंतर आणि कोनही नीट पाहावा. आकृती इतकी जवळ आहे की पाय आणि जमीन दिसत नाहीत. ती किती चालली, किती शेत उरले, हे मोजायला काही आधारच उरत नाही, म्हणून श्रम न संपणारे वाटतात. नजर किंचित खालून वर जाते, त्यामुळे ओझ्याखाली वाकलेली व्यक्तीही पाहणाऱ्यापेक्षा उंच ठरते. लाकूड चौकटीतून तिरके जाते. आडवे असते तर ते खांद्यावर नुसते पडून राहिले असते, उभे असते तर खांबासारखे वाटले असते. तिरके असल्यामुळे एका बाजूला ओढ आणि दुसऱ्या बाजूला वजन आहे हे डोळ्याला जाणवते. सोव्हिएत चित्रपटांतल्या आणि पोस्टरांतल्या श्रमिकांच्या प्रतिमांशी या मांडणीचे नाते उघड आहे. मेहबूब प्रॉडक्शन्सच्या बोधचिन्हात विळा-हातोडा होताच. पण सोव्हिएत पोस्टरातला शेतकरी बहुधा उद्याकडे पाहत असतो. इथली बाई फक्त पुढचे पाऊल टाकण्याच्या खटपटीत आहे, आणि तिच्यावर विश्वास बसतो तो म्हणूनच.

चेहऱ्याचा निर्णय निर्मात्यासाठी सर्वांत जोखमीचा होता. ‘आवारा’ (1951) आणि ‘श्री 420’ (1955) यांतली नर्गिस लोकांना प्रेयसी म्हणून ठाऊक होती. पोस्टरवर तिचे सौंदर्य विकणे सोपे होते. त्याऐवजी तोच ओळखीचा चेहरा ताणलेला, घामेजलेला दाखवला. इथे ओळख पुसलेली नाही, तिला धक्का दिला आहे. अनोळखी स्त्रीच्या वेदनेकडे लोकांनी कदाचित पाहिले नसते. परिचित चेहऱ्यावर ती दिसली म्हणून पावले थांबली.

नावाकडे शेवटी यावे. ‘मदर इंडिया’ हे शब्द कॅथरिन मेयोच्या 1927 मधल्या, भारतीयांना अपमानकारक वाटलेल्या पुस्तकाचे होते. चित्रपटाने ते जाणीवपूर्वक परत घेतले. पोस्टरवर शब्द देशाचे नाव सांगतात आणि चित्र एका शेतकरी बाईचे आहे. दोघे एकमेकांचे स्पष्टीकरण देत नाहीत. चित्रात भारताचा नकाशा, तिरंगा किंवा मुकुट घालून तो दुवा जोडता आला असता, पण तसे केले असते तर पाहणाऱ्याच्या मनात घडणारी जोडणी मेली असती. नवे पोस्टर करणाऱ्यांकडून सर्वाधिक चुकणारी जागा हीच आहे. नाव जे सांगते तेच चित्रात पुन्हा काढले जाते आणि अर्धा कागद वाया जातो.

रंगांविषयी मात्र सावध राहावे. जुन्या पोस्टरच्या वेगवेगळ्या छपाईत शाई बदललेली असते, कागद पिवळा पडलेला असतो आणि संगणकावरची प्रत कोणीतरी आपल्या आवडीने उजळलेली असते. शक्य तिथे मूळ कागद पाहावा. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने (स्थापना 1964) चित्रपटांबरोबर पोस्टरे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपल्या आहेत. मूळ कागदावर तळाशी छापखान्याचे नाव, घड्यांच्या जागा, रंग सरकल्याच्या खुणा दिसतात आणि पोस्टर कोणत्या आकारात, कोणत्या घाईत छापले गेले ते कळते.

एवढे वाचून झाल्यावर नव्या रचनेकडे वळता येते. पद्धत साधी आहे: एका वेळी एकच निर्णय उसना घ्यावा. समजा ऊसतोड कामगारांवरच्या चित्रपटाचे पोस्टर करायचे आहे. डोक्यावर उसाची मोळी आणि ताणलेला चेहरा काढला, तर ती ‘मदर इंडिया’ची नक्कल होईल, आणि मूळ चित्राच्या शेजारी ती फिकीच पडेल. त्याऐवजी फक्त गाळण्याचा निर्णय घ्यावा. इथे जागेवर कोण नाही? मुकादमाची उचल फेडण्यासाठी आजारी आईच्या जागी मुलगी फडात उतरली असेल, तर गैरहजर आहे ती आई. ऊसतोड करणाऱ्या बाया पाचटापासून अंग वाचवण्यासाठी साडीवर पुरुषी शर्ट घालतात. मुलीच्या अंगावर आईचा, मापात न बसणारा शर्ट, बाह्या दुमडलेल्या आणि हातात कोयता, एवढेच दाखवले तरी आई चित्रात येते. चेहरा दाखवलाच पाहिजे असे नाही. रंग शेंदरी असण्याचीही गरज नाही. फडातली पहाट राखाडी-हिरवी असते. असे पोस्टर जुन्यासारखे मुळीच दिसणार नाही, पण त्याचे मूळ 1957 च्या त्या कागदात आहे.

असा निर्णय उसना घेण्याचा सर्वांत समृद्ध धडा बडोद्यातच आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत ना. श्री. बेंद्रे यांच्यासारख्या शिक्षकांनी 1950 च्या दशकात जी मोकळीक रुजवली, तिच्या आसपास पुढे भूपेन खख्खर आले. पेशाने हिशेबनीस असलेल्या खख्खरांनी सुरुवातीला बाजारात मिळणारी देवादिकांची छापील चित्रे आपल्या कामात चिकटवली. नंतर त्यांनी छापील चित्रे सोडली आणि त्यांच्यातला निर्णय ठेवला: समोर तोंड करून बसलेली आकृती, सपाट उजळ रंग, दुकानाच्या पाटीसारखी अक्षरे. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ (1972) मध्ये हा मान घड्याळे दुरुस्त करणाऱ्या माणसाला मिळतो. जे आसन आधी देवाचे किंवा नटाचे होते त्यावर गल्लीतला कारागीर बसला आणि चित्र पूर्णपणे नवे झाले. उसने कसे घ्यावे हे यातून जितके कळते तितके कोणत्याही नियमावलीतून कळत नाही.

अक्षरांचा प्रश्न या शहरात विशेष गुंतागुंतीचा आहे, कारण इथले पोस्टर अनेकदा तीन लिप्यांत निघते. देवनागरीची शिरोरेषा नावाला आपसूक एक आडवी पट्टी देते. तिच्यावर मात्रा, वेलांट्या आणि रफार, तर खाली उकार असतात, त्यामुळे नावाला वरखाली बरीच जागा सोडावी लागते. गुजरातीला शिरोरेषा नाही. अक्षरे सुटी, गोलसर राहतात. रोमन मोठ्या अक्षरांत वरखाली काही डोकावत नाही, म्हणून ती विटांसारखी रचता येतात. शिरोरेषेची तलवार किंवा भेगाळलेली जमीन करण्याची कल्पना मराठी पोस्टरांत पुष्कळ वापरून झाली आहे, आणि गुजराती आवृत्तीत ती उभीच राहत नाही. नावाचा विचार म्हणूनच आधी वजन आणि जागा यांत करावा, म्हणजे तो तिन्ही लिप्यांत टिकतो. सत्यजित राय आपल्या चित्रपटांची पोस्टरे आणि अक्षरे स्वतः काढत. बंगाली अक्षरांच्या ठेवणीतून चित्रपटाचा स्वभाव सांगण्याची त्यांची हातोटी मराठी अक्षरकारांनी बारकाईने पाहण्यासारखी आहे.

आकाराची कसोटीही आता दुहेरी झाली आहे. तीच रचना चौकातल्या फलकावर लागते आणि तळहातावरच्या फोनमध्ये बोटभर उंचीची दिसते. जुनी चांगली पोस्टरे या दुसऱ्या कसोटीला आश्चर्यकारकपणे उतरतात, कारण त्यांत मुख्य आकृती एकच असते आणि उजेड-अंधाराचे मोठे भाग स्पष्ट वेगळे असतात. नवे काम नखाएवढे करून आणि रंग काढून पाहावे. आकृती तशीही ओळखू आली, तर मांडणी पक्की आहे.

हक्कांचा विचार अभ्यासाच्या आरंभीच व्हावा. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे चालतो. कलाकृतीचा हक्क कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे असतो. चित्रपट मुक्त झाला म्हणून त्याचे पोस्टर मुक्त झाले असे होत नाही. 1906 मध्ये निधन पावलेल्या रविवर्म्याची चित्रे कोणालाही वापरता येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम केलेल्या बहुतेक पोस्टरकारांची नाही. यातले कित्येकजण आपल्याच कामावर सही करू शकले नाहीत, कारण निर्माता तेवढी जागा देत नसे. म्हणून अभ्यासासाठी उतरवलेल्या प्रत्येक पोस्टरसोबत चित्रपटाचे नाव, वर्ष, कागदाचा आकार, छापखाना आणि माहीत असेल तर चित्रकार, एवढी नोंद ठेवावी, आणि नव्या पोस्टरवर ते करणाऱ्याचे नाव वाचता येईल अशा अक्षरांत छापावे.